सोलर उतरवायच्या आधी तीन तापमानं मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सिंहगड रस्त्याला दुमजली स्वतंत्र घर, गच्चीवर नऊ वर्षं जुना २०० लिटरचा काचेच्या नळ्यांचा सोलर (उन्हावर पाणी तापवणारा), घरात पाच माणसं. पाणी थोडं महापालिकेचं, थोडं बोअरचं. डिसेंबरपासून तळमजल्याच्या न्हाणीघरात सकाळी दोन बादल्या गार पाणी सोडून द्यावं लागतं आणि त्यानंतरही जेमतेम कोमट येतं. विक्रेता म्हणतो, हे जुनं झालं, उतरवून टाका, ३ किलोवॅटची, उन्हापासून वीज करणारी पॅनल बसवा, सरकारी अनुदान मिळेल आणि आंघोळीला गिझर वापरा. तर त्याचं ऐकावं का?

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पाणी गार का येतं, हा एक. गच्चीवरच्या उन्हाचा सगळ्यात चांगला उपयोग कोणता, हा दुसरा. विक्रेत्याने दुसऱ्याचं उत्तर देऊन पहिला बाजूला ठेवला. पण पहिला सोडवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. दोष पाइपात किंवा मिक्सरमध्ये असेल, तर उद्या गच्चीवर लाखाचा हीट पंप (हवेतली उष्णता पाण्यात आणणारं विजेचं यंत्र) आणून ठेवलात तरी त्याचं पाणी त्याच पाइपातून, त्याच मिक्सरमधून येणार आहे आणि तक्रार जशीच्या तशी राहणार आहे.

आधी त्या दोन बादल्यांचा हिशेब करू, कारण खरी खूण तिथेच आहे. टाकीपासून तळमजल्याच्या नळापर्यंतचा पाइप वळणं धरून २५ मीटर आहे असं समजा. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याच्या प्लॅस्टिकच्या) पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं, एक इंचीत ०.४३ लिटर. म्हणजे रात्रभर पाइपात निवलेलं पाणी पाऊण इंचीत साडेसहा लिटर आणि एक इंचीत पावणेअकरा लिटर झालं. भिंतीतला गार पाइप तापायला आणखी काही लिटर जातील. म्हणजे पाऊण बादली गार पाणी येणं लांबच्या न्हाणीघरात स्वाभाविक आहे. पण दोन बादल्या म्हणजे ३५ ते ४० लिटर, आणि एवढं पाणी त्या पाइपात मावतच नाही. मग एक तर टाकीतलं पाणीच निवलेलं आहे, नाहीतर वाटेत कुठेतरी गार पाणी येऊन मिळतंय. दोन्हींचे उपाय वेगळे, आणि कोणतं खरं हे अंदाजाने ठरवायची गरज नाही.

स्वयंपाकात वापरतात तसा काडीचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. तो आणा. टाकीतून निघणाऱ्या गरम पाइपावर, गच्चीवरच, टाकीपासून हातभर अंतरात एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकून अर्ध्या इंचाचा पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढे प्रत्येक तपासणीला उपयोगी पडतं. मग स्वच्छ उन्हाचा दिवस बघून तीन वेळा मोजा. संध्याकाळी सहाला गच्चीवरच्या या नळाशी. रात्री कोणी गरम पाणी न वापरता, पहाटे सहाला पुन्हा तिथेच. आणि लगेच खाली न्हाणीघरात, एक बादली सोडून दिल्यावर.

संध्याकाळचा आकडा ५० ते ६० अंशांत असेल तर सोलर पाणी तापवतोय, त्याला बोल लावू नका. तो ४५ च्या खाली असेल तर दोष तापवण्यात आहे: नळ्या, सावली, धूळ, क्षार. संध्याकाळी ५५ आणि पहाटे ४८–५० असेल तर तेही ठीक, चांगल्या पफ (फोमच्या) इन्सुलेशनची टाकी रात्रीत पाच-आठ अंश उतरतेच. पहाटेपर्यंत १५–२० अंश पडले असतील तर दुसऱ्या रात्री टाकीच्या गरम पाइपावरचा, खाली घरात पाणी सोडणारा व्हॉल्व्ह (तपासणीचा नळ नव्हे) पूर्ण बंद करून झोपा आणि पुन्हा मोजा. व्हॉल्व्ह बंद ठेवल्यावर उष्णता टिकली, तर टाकी निर्दोष आहे आणि खालून गार पाणी वर चढतंय. बंद ठेवूनही पडली, तर टाकीचं इन्सुलेशन गेलं आहे. आणि पहाटे गच्चीवर ५० पण खाली ३०, तर दोष वाटेत आहे.

तुमच्या वर्णनावरून माझा कल या खालून येणाऱ्या गार पाण्याकडे जातो, म्हणून त्यावर जरा थांबतो. सोलरच्या तक्रारींत हे कारण फार वेळा सापडतं आणि तेवढ्याच वेळा निसटतं, कारण सगळे गच्चीवर जाऊन नळ्यांकडे बघत बसतात.

गरम आणि गार पाणी मिक्सरमध्ये एकत्र येतं. शॉवरचा डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा) असतो, जेट स्प्रे असतो, त्यातल्या एखाद्याला दोन्ही बाजूंचं पाणी जोडलेलं असतं. मिक्सरच्या दोन्ही बाजू उघड्या आणि तोंड मात्र पुढे हँडशॉवरच्या बटणाने बंद, असं झालं की गार आणि गरम पाइप आतल्या आत जोडले जातात. ज्या बाजूला दाब जास्त, तिकडचं पाणी दुसरीकडे ढकललं जातं. घरात गार पाण्याला प्रेशर पंप असेल आणि सोलर नुसत्या उंचीवर चालत असेल, तर पंप सुरू झाला की गार पाणी गरम पाइपातून उलटं वर चढतं आणि थेट टाकीत शिरतं. गच्चीवरच्या एअर व्हेंटमधून (सोलरच्या टाकीवरच्या हवेच्या उभ्या पाइपातून) पंप चालू होताच पाणी उडत असेल तर ही खूणगाठ पक्की समजा. क्षारांच्या पाण्याने मिक्सरचं कार्ट्रिज (पाणी उघडबंद करणारा आतला भाग) झिजतं, मग मिक्सर बंद दिसत असतानाही आतून पाणी इकडून तिकडे जात राहतं.

याची परीक्षा सोपी आहे. सकाळी लवकर, सोलरच्या टाकीला गार पाणी देणारा व्हॉल्व्ह बंद करा. मग तळमजल्यावर फक्त गरम नळ उघडा. गरम पाण्याचा पाइप टाकीच्या वरच्या अंगातून निघतो, त्यामुळे गार पाणी आत येणं थांबलं की थोड्याच वेळात नळाची धार बारीक होऊन बंद पडायला हवी. पाइपात असलेलं आणि टाकीच्या वरच्या थरातलं, एवढंच पाणी येईल. पण बादली भरून दुसरीही भरायला लागली आणि धार हटत नसेल, तर ते पाणी सोलरचं नाहीच, ते गार पाइपातून मिक्सरवाटे येतंय. आता प्रत्येक मिक्सरखालचा गार पाण्याचा अँगल कॉक एकेक करून बंद करा. ज्याला बंद करताच धार थांबेल, तो मिक्सर गुन्हेगार. वरच्या मजल्यावरचे मिक्सर, स्वयंपाकघरातलं सिंक आणि गरम पाणी जोडलेलं वॉशिंग मशीन यांनाही सोडू नका, दोष तळमजल्यावर दिसतो म्हणून तो तिथेच असतो असं नाही. परीक्षा झाली की टाकीचा व्हॉल्व्ह आठवणीने उघडा.

उपाय म्हणजे कार्ट्रिज किंवा डायव्हर्टर बदलणं आणि त्या मिक्सरच्या गरम बाजूला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवणं. इथे एक चूक हमखास होते. बाजारात सहज मिळणारा स्प्रिंगचा एनआरव्ही प्लंबर आणतो. स्प्रिंग दाबायलाही दाब लागतो, आणि ०.१ बार म्हणजे पाण्याची एक मीटर उंची. तुमच्या वरच्या मजल्याचा शॉवर टाकीच्या पाण्यापासून जेमतेम दोन-अडीच मीटर खाली असेल, त्यातला एक मीटर स्प्रिंगने खाल्ला तर शॉवरला धारच राहत नाही. मग लोक कंटाळून एनआरव्ही काढून टाकतात आणि गार पाणी पुन्हा वर चढतं. झुलत्या झडपेचा, कमी दाबावर उघडणारा एनआरव्ही मागून घ्या आणि त्याच्यावरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, ते स्वतः बघा. आणि घरात सगळ्यांना एकच सवय लावा: हँडशॉवर त्याच्या बटणावर नाही, मिक्सरवर बंद करायचा.

एअर व्हेंट हा शब्द आला म्हणून सांगतो. त्या उभ्या पाइपाचं तोंड गार पाण्याच्या टाकीतल्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा किमान फूटभर उंच हवं. कमी असेल तर टाकी भरली की गरम पाणी तिथून सांडत राहतं. ते सांडू नये म्हणून कोणी व्हेंटला बूच मारलं असेल तर ते आजच काढा. वाफेला आणि हवेला वाट राहिली नाही तर टाकी आतून फुगते किंवा पाणी वेगाने ओढलं गेल्यावर चेपते, आणि ती टाकी मग कामातून जाते. गरम पाइप गच्चीवरून वर चढून पुन्हा खाली उतरत असेल, तर त्या कमानीत हवा अडकते आणि धार मरते. पाइप टाकीपासून सतत उताराने जायला हवा. उघड्या पाइपावरचं काळं फोमचं वेष्टण नऊ वर्षांत उन्हाने भुगा झालेलं असणार, ते नवीन घाला आणि वरून ऊन लागणार नाही असं गुंडाळा.

आता संध्याकाळचा आकडाच कमी निघाला तर काय, ते बघू.

नळ्यांची तपासणी डोळ्यांनी होते. या नळीला काचेच्या दोन भिंती असतात आणि मधे निर्वात पोकळी, थर्मॉससारखी. खालच्या टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो बेरियमचा थर, पोकळीत उरलेली हवा शोषून घ्यायला घातलेला. काचेला बारीक तडा जाऊन आत हवा शिरली की तो डाग दुधासारखा पांढरा होतो. खालचे प्लॅस्टिकचे कप काढून एकेक टोक बघा. भर दुपारी हात लावून बघितलात तरी कळतं: चांगली नळी बाहेरून जेमतेम कोमट लागते, कारण उष्णता आत जाते आणि बाहेर येत नाही. पोकळी गेलेली नळी बाहेरून तापलेली लागते. अशा एकदोन नळ्यांसाठी सगळी यंत्रणा बदलायचं कारण नाही, सुटी नळी काही शे रुपयांना मिळते. फक्त माप नक्की करून जा, ५८ मिलिमीटर व्यास आणि १८०० लांबी किंवा ४७ आणि १५०० ही दोन नेहमीची मापं आहेत, एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

नळी बदलायची वेळ सूर्योदयापूर्वी किंवा संध्याकाळी. रिकामी नळी उन्हात आतून २०० अंशांच्या वर जाते, तिच्यात गार पाणी पडलं की ती तडकते. पाणी गेलेलं असताना टाकी रिकामी राहिली आणि दुपारी अचानक नळाला पाणी येऊन टाकीत शिरलं, तर एका फटक्यात चार-सहा नळ्या फुटतात ते याचमुळे. म्हणून टाकी रिकामी आहे हे लक्षात आलं तर आधी नळ्यांवर जाड चादर टाका आणि पाणी संध्याकाळीच सोडा. बदलताना गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, ड्रेनमधून पाणी नळ्यांच्या तोंडाखाली जाईपर्यंत काढा, जुनी नळी गोल फिरवत ओढा. नवीन सिलिकॉन रिंग बसवा, नळीच्या तोंडाला साबणाचं पाणी लावा आणि फिरवत फिरवत आत सरकवा. सरळ दाबून ठोकलीत तर रिंग मुडपते आणि तिथून कायम टपकत राहतं.

बोअरच्या पाण्याचा विषय मोठा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो. पुण्याच्या आसपासच्या बोअरला हा आकडा सहज वरच्या बाजूला जातो. पाणी जितकं तापेल तितके क्षार जास्त बाहेर पडतात, ६० अंशांच्या वर तर झपाट्याने. काचेच्या नळीत ते गाळ होऊन तळाशी बसतात आणि भिंतीवर पांढरं कवच धरतात. ५८ मिलिमीटरच्या एका नळीत पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी असतं. तळातला वीतभर भाग गाळाने भरला की तेवढी नळी निकामी.

सफाईला सायट्रिक ॲसिड वापरा, लिटरला ५० ग्रॅम. नळी काढून उभी करा, द्रावण भरा, दोन-तीन तास ठेवा, लांब दांड्याच्या बाटलीच्या ब्रशने घासा, स्वच्छ धुवा. हे सगळं सावलीत. फरशी धुवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकीत अजिबात जाऊ देऊ नका. टाकी स्टेनलेस स्टीलची असते, क्लोराइडने त्या स्टीलला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, आणि ती भोकं वेल्डच्या कडेला पडली की टाकी संपली. टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असेल तर तो काढून बघा. टाकीऐवजी त्याने झिजावं यासाठी तो असतो, कठीण पाण्यात वर्ष-दोन वर्षांत संपतो आणि नऊ वर्षांत तो कोणी बदललाच नसेल तर आता तिथे नुसती तार शिल्लक असेल. महिन्यातून एकदा ड्रेनमधून बादलीभर पाणी सोडून दिलंत तर गाळ साठतच नाही. पण सर्वांत चांगला उपाय म्हणजे सोलरला बोअरचं पाणी न देणं. गच्चीवर ३०० किंवा ५०० लिटरची वेगळी छोटी टाकी ठेवून ती फक्त महापालिकेच्या पाण्याने भरा आणि तिथूनच सोलरला जोड द्या. यामुळे सोलर, गिझर, मिक्सरची कार्ट्रिजं, सगळ्यांचं आयुष्य वाढतं.

सावली ही नऊ वर्षांत नकळत येणारी गोष्ट आहे. शेजारी मजला चढतो, नारळ वाढतो, स्वतःच्याच गच्चीवर पाण्याची नवी टाकी येते. पुण्यात २२ डिसेंबरला भर माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशच वर असतो. एक मीटर उंच कठड्याची सावली तेव्हा ९० सेंटिमीटर पडते आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास पावणेदोन मीटर. उन्हाळ्यात स्वच्छ दिसणारी गच्ची डिसेंबरात अर्धी झाकलेली असू शकते. एका रविवारी नऊ, बारा आणि तीनला वर जाऊन मोबाइलवर फोटो काढा, पुरेसं आहे.

एकच गोष्ट निघाली तर मात्र जुना सोलर सोडून द्या: आतली टाकी गळत असेल तर. बाहेरचा पत्रा गंजणं हा दिसण्याचा भाग आहे. पण पत्र्याच्या खालच्या सांध्यातून सतत पाणी झिरपत असेल, तर आतलं स्टील फुटलंय आणि पफ भिजलाय. भिजलेला पफ उष्णता धरत नाही आणि वाळतही नाही. त्या टाकीला वेल्डिंग करून घेण्यात पैसे घालू नका.

आता गच्चीचा दुसरा प्रश्न. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि सर्वांत जास्त अवलंबून आहे ते तुमचं घर बादलीने आंघोळ करतं की शॉवरने यावर.

जानेवारीत पुण्यात टाकीचं गार पाणी १८ अंश धरा. अंगाला सोसेल असं पाणी ४० अंश. एक बादली २० लिटर. सोलरचं पाणी ६० अंश असेल तर बादलीत साडेदहा लिटर गरम आणि बाकी विसण. पाच माणसांना ५२ लिटर गरम पाणी पुरतं. तेच पाणी ४५ अंश असेल तर विसण फारसं लागत नाही आणि एका बादलीला १६ लिटर गरम जातं, पाच जणांना ८१ लिटर. म्हणजे बादलीच्या घरात २०० लिटरचा सोलर अर्ध्या ताकदीने चालला तरी पाणी उरायला हवं. तुमच्याकडे उरत नाही, यावरूनही दोष वाटेत असण्याची शंका बळावते. शॉवरचं गणित वेगळं. मिनिटाला ८ लिटर, माणशी आठ मिनिटं, म्हणजे ६४ लिटर. पाच जणांना ६० अंशांचं १६८ लिटर पाणी, आणि तिथे २०० लिटर काठावर येतो.

हेच विजेच्या युनिटमध्ये मांडू. बादलीच्या घराला रोजची उष्णता लागते २.६ युनिट, शॉवरच्या घराला ८.२. गिझरच्या टाकीतून होणारी गळती धरली तर अनुक्रमे ३ आणि ९ युनिटच्या आसपास वीज. महिन्याला ९० युनिट किंवा २७०. महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटला स्लॅब बदलतो, म्हणून हे युनिट तुमच्या बिलात कोणत्या पायरीवर जाऊन बसतात ते बघा. सध्या महिन्याला ८० युनिट वापरणाऱ्या घराला गिझरच्या ९० पैकी ७० युनिट पुढच्या दराने पडतात. आधीच ३०० च्या वर असलेल्या घराला ते आणखी महाग पडतात, पण त्याच घराला पॅनलचा फायदाही सर्वांत जास्त होतो.

पॅनल आणि सोलर एकाच जागेवर स्पर्धा करतात तेव्हा काय होतं? २०० लिटरचा नळ्यांचा सोलर साधारण ४० चौरस फूट जागा घेतो. हिवाळ्यातल्या चांगल्या दिवशी तो पाण्यात सहा ते आठ युनिट उष्णता घालतो. त्याच ४० चौरस फुटांत आजची पॅनल बसवली तर पाऊण ते ०.८ किलोवॅट बसतात आणि पुण्यात किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तर ३ युनिट वीज मिळते. ती वीज गिझरमध्ये घातली तर ३ युनिटच उष्णता, म्हणजे सोलरच्या निम्मी. तीच वीज हीट पंपाला दिली तर एका युनिटमागे सुमारे तीन युनिट उष्णता मिळते, एकूण नऊ, म्हणजे सोलरच्या बरोबरीने किंवा वर. हीट पंप उष्णता तयार करत नाही, फ्रिज जशी आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो तशी तो हवेतली उष्णता पाण्यात आणून टाकतो, म्हणून हे जमतं. तेव्हा 'सोलर काढा आणि पॅनल लावून गिझर वापरा' हा सल्ला नुसत्या जागेच्या हिशेबात तोट्याचा आहे.

पण पॅनलची एक बाजू खरीखुरी भक्कम आहे. एप्रिल-मेमध्ये सोलरचं पाणी ८० अंशांवर जातं आणि घरात कोणाला गरम पाणी नको असतं. ती सगळी उष्णता वाया. पॅनलची मे महिन्यातली वीज नेट मीटरमधून (दिलेली आणि घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरमधून) जमा होते आणि पावसाळ्यात कामी येते. जुलै-ऑगस्टमध्ये सोलर कोमट पाण्यापलीकडे जात नाही, तेव्हा ही शिल्लक गिझर चालवते. उलट वीज गेली तर नेट मीटरवरचा इन्व्हर्टरही बंद पडतो, सुरक्षेसाठी तो तसाच बनवलेला असतो, आणि सोलर मात्र विजेशिवाय चालत राहतो. म्हणून जागा असेल तर दोन्ही ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. ३ किलोवॅटला २५० ते ३०० चौरस फूट मोकळी, बिनसावलीची जागा लागते. स्वतंत्र घराच्या गच्चीवर ती सोलरच्या शेजारी निघू शकते.

अनुदानाबद्दल विक्रेता खोटं बोलत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर' योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि ३ किलोवॅट किंवा अधिकला मिळून ७८,००० रुपये मिळतात. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा, काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करून घ्यायचं, पॅनल आणि त्यातले सेल भारतात बनलेले हवेत, आणि यंत्रणा सुरू झाल्यावर पैसे तुमच्या खात्यात येतात. पण त्या योजनेत सोलर काढण्याची अट कुठेही नाही. पुणे महापालिकाही सर्वसाधारण करात सौर यंत्रणा, गांडूळखत आणि पर्जन्यजल यांपैकी एकाला ५ टक्के, दोन किंवा जास्तींना १० टक्के सवलत देते, ती यंत्रणा चालू असेल तरच. चालू सोलर उतरवण्याआधी तुमच्या बिलावर ही सवलत कशाच्या नावाने येते ते तपासा.

पावसाळ्याच्या सोयीसाठी टाकीतलं विजेचं कॉइल वापरू नका. ते सगळी २०० लिटरची टाकी तापवायला बघतं, २५ वरून ५० अंशांवर न्यायला ५.८ युनिट जातात, आणि तेही तुम्हाला दोनच बादल्या हव्या असताना. त्याऐवजी न्हाणीघरात १५ लिटरचा गिझर लावा आणि सोलरचं पाणी त्याच्या गार पाण्याच्या तोंडाला द्या, मधे बायपास ठेवून. सोलरचं पाणी ३५ अंश आलं तर गिझर उरलेले अंशच तापवतो, ५५ आलं तर थर्मोस्टॅट चालूच होत नाही. गिझरच्या पुस्तिकेत आत येणाऱ्या पाण्याचं कमाल तापमान दिलेलं असतं, ते बघून घ्या आणि उन्हाळ्यात बायपास उघडा. त्याच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग असलंच पाहिजे.

स्वस्त पडतो म्हणून कोणी गॅस गिझर सुचवला तर तो बंद न्हाणीघरात बसवू नका, छोटी झरोक्याची खिडकी असली तरी नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि दार लावून आंघोळ करणारं माणूस शुद्ध हरपून पडलं तरी बाहेर कळत नाही. लावायचाच तर न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत. आणि घरात लहान मुलं असतील तर बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा क्रम पाळा. एप्रिलमधलं सोलरचं ८० अंशांचं पाणी क्षणात भाजतं.

पुढे टाकी गळून सोलर काढायची वेळ आली, पॅनल आधीच बसलेली असली आणि घर शॉवरचं असलं, तर तेव्हा हीट पंप घ्या. २०० लिटरचा पुरतो. तो कोंदट खोलीत ठेवू नका, तो गार हवा बाहेर टाकतो आणि तीच पुन्हा ओढली की क्षमता घसरते. खाली थेंब गळतात, त्यांना निचरा द्या. झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला टेकवू नका, पंख्याचा घोंघावणारा आवाज रात्री जाणवतो. आणि टायमर दुपारी १२ ते ४ लावा: तेव्हा हवा उबदार असते, कमी विजेत जास्त उष्णता मिळते आणि ती वीज तुमच्याच पॅनलमधून येत असते. पहाटेच्या १० अंशांत तोच पंप जास्त वीज खाऊन तेवढंच पाणी तापवतो.